लाइपझिगचा दुभाषा

डिरेक्टरने खरी कॉफी मागवली तेव्हाच यशवंत पगारे खुर्चीत सावरून बसला.

१९६३ चा जानेवारी होता. त्या हिवाळ्यात पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये कोळसा मिळेनासा झाला होता. नळ फुटत होते, ट्राम रुळांवर गोठून उभ्या राहत होत्या आणि लोक ऑफिसातसुद्धा ओव्हरकोट घालून बसत होते. शहराबाहेरच्या त्या कामगार शाळेत एरवी सगळ्यांच्या वाट्याला यायची ती भाजलेल्या जवाची काळी कॉफी. दुभाष्यासारख्या किरकोळ माणसाला खरी कॉफी पाजायची म्हणजे काहीतरी अवघड मागणं असणार.

"साखर, हेर पगारे?" डिरेक्टरने जर्मन अदबीने 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावून विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता दोन वड्या घातल्या. "शनिवारी कोर्सचा समारोप. बर्लिनहून मंडळी येतायत, परदेशी वार्ताहरही असतील. विद्यार्थ्यांच्या वतीने आपले सहकारी, कॉलेगे जोसेफ बोलणार. त्यांच्या भाषणातला एक भाग आम्ही वगळायला सांगितला. ते ऐकत नाहीत."

"मग दुसऱ्या कुणाला बोलायला सांगा."

"ते आणखी वाईट दिसेल." डिरेक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली झोप न झाल्याची वर्तुळं होती. "सभागृहात इंग्रजी कळणारे फार थोडे. बाकीचे तुम्ही सांगाल तेच ऐकणार. आल्झो... म्हणजे असं बघा, दुभाष्याने प्रत्येक शब्द उचलून न्यायचा नसतो, आशय न्यायचा असतो. समजतंय ना?"

यशवंत चमच्याने साखर ढवळत राहिला.

"तुमच्या स्टायपेंडची मुदत उन्हाळ्यात संपते, नाही का? डिप्लोमची पदवी मिळायला अजून वर्ष आहे. मुदत वाढवून मिळायला काही अडचण येऊ नये, असं मला वाटतं."

कॉफी चांगली होती. यशवंतने ती सगळी प्यायली, कारण अर्धी टाकून उठणं त्याला जमलं नाही.

यशवंत मनमाडचा. वडील रेल्वेत गँगमन. छप्पन्न साली ते नागपूरला दीक्षेला गेले आणि परत आल्यावर फळीवरचे देव गोळा करून नदीत सोडून आले. आई दोन दिवस जेवली नाही, मग तीही पांढरं लुगडं नेसून वंदनेला बसू लागली. यशवंत तेव्हा परळला लाल बावट्याच्या युनियनचा एक छापखाना होता तिथे खिळे जुळवायचं काम करत होता. त्या छापखान्यात सगळ्यांना पाणी प्यायला एकच माठ होता. शाळेत ज्याने शिपायाने वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलं आहे, त्याला त्या माठाची किंमत कुणी शिकवावी लागत नाही. मार्क्सवादाशी यशवंतची ओळख पुस्तकातून झाली नाही. त्या माठापाशी झाली.

पण त्याच छापखान्यात जातीचा विषय निघाला की मोठी माणसं एकच सांगायची. जात हे वरचं बांधकाम, पाया बदलला की आपोआप पडेल. यशवंतने हे वाक्य स्वतःच्या हाताने कितीतरी वेळा जुळवून छापलं होतं. एकदा सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना वाचूनही दाखवलं. वडील विडी विझवत म्हणाले, "पडंल तवा पडंल. तवर त्याच्या खाली कोण उभं ऱ्हायचं, ते लिवलंय का?"

छापखान्यातल्या मंडळींनीच खटपट करून त्याला छपाईतंत्र शिकायला लाइपझिगला धाडलं. इथे त्याला कुणी जात विचारली नाही. जर्मनांच्या लेखी तो नुसता 'इंडर', म्हणजे भारतीय, होता, आणि नुसतं इंडर असणं त्याला इतकं सुखाचं वाटलं की तीन वर्षांत त्याने मनमाडच्या वस्तीबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. श्यामकांत गद्रेजवळही नाही.

श्यामकांत सांगलीचा, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होता. भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटनेचा तो प्रमुख, यशवंतपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा. पहिल्या दिवशी स्टेशनवर उतरवून घ्यायला तोच आला होता आणि यशवंत कुडकुडतोय हे बघून स्वतःचा मफलर त्याच्या गळ्यात अडकवून मोकळा झाला होता. यशवंत त्याला 'अहो गद्रे' म्हणायचा, श्यामकांत त्याला 'अरे यशवंत'. शाळेतलं दुभाष्याचं कामही श्यामकांतनेच मिळवून दिलं. आफ्रिका, वेस्ट इंडीज, आशिया इथल्या युनियनच्या माणसांसाठी तो कोर्स होता. व्याख्यान जर्मनमध्ये, विद्यार्थ्यांना येणार इंग्रजी, आणि मध्ये यशवंत.

तिथेच त्याला क्लेमेंट जोसेफ भेटला.

क्लेमेंट त्रिनिदादचा, तेलविहिरींवर काम केलेला, चाळिशीला टेकलेला. आडवा बांधा, काळाभोर रंग, आणि बोलणं इतकं सावकाश की दुभाष्याला त्याचं काम करताना मजा यायची. पहिल्याच आठवड्यात त्याने यशवंतला नीट न्याहाळलं होतं.

"आमच्याकडे तुझ्यासारखे हजारो आहेत," तो म्हणाला. "आम्ही गुलामीतून सुटलो आणि ऊस तोडायला नाही म्हणालो, तेव्हा साहेबाने भारतातून जहाजं भरून माणसं आणली. आमच्यावर कुरघोडी करायला. म्हणून तुला बघितल्यावर मी जरा सावध झालो."

"आणि आता?"

"आता बघतोय." मग त्याने सहज विचारलं, "तू तुमच्यात कोण? आमच्याकडचे इंडियन एकमेकांना हे विचारतात, मी ऐकलंय."

"मी छपाईचा इंजिनियर," यशवंत म्हणाला. क्लेमेंटने मान डोलावली, पण उत्तर पटल्यासारखी नव्हे.

वर्गावर शिकवायला फ्राउ लिंडनर होत्या. सूतगिरणीत वाढलेली बाई. हिटलरच्या काळात पत्रकं वाटताना पकडली गेली, आणि युद्ध संपेपर्यंत तुरुंग आणि छावणी यांतच राहिली. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली होती, त्यामुळे खडू उजव्या हातात आणि डावा हात कायम खिशात. त्या शिकवायच्या की वर्णद्वेष हे मालकाचं हत्यार आहे. तो कामगाराला फसवतो, एकाला दुसऱ्यापासून तोडतो. मालकशाही गेली की हत्यार चालवणारा हातच राहत नाही.

क्लेमेंटने हात वर केला. "कॉलेगिन लिंडनर, आमच्या विहिरीवरचा गोरा फोरमन फसलेला नव्हता. घर त्याला वेगळं, दवाखाना वेगळा, क्लब वेगळा. माझ्या काळ्या कातडीतून त्याला वाटा मिळत होता, आणि तो मिळतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उद्या मालक गेला म्हणून तो वाटा सोडेल का?"

यशवंतने भाषांतर केलं. करताना त्याने 'ठाऊक' या शब्दावर नको इतका जोर दिला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"तो कामगार अजून जागा झालेला नाही," लिंडनरबाई म्हणाल्या.

"तो टक्क जागा आहे, बाई. म्हणून तर मला भीती वाटते." मग क्लेमेंट पुढे म्हणाला, "आणि दुसरं. कारखाना इंग्लंडात सुरू झाला असं तुम्ही शिकवता. त्याच्या कितीतरी आधी आमच्या बेटांवर उसाचा चरक फिरत होता. पाळ्या होत्या, मुकादम होता, घड्याळ होतं, आणि माणसं पळू नयेत म्हणून साखळ्या होत्या. तुमच्या धड्यात आम्ही सुरुवातीच्या प्रस्तावनेत येतो आणि जातो. मला विचाराल तर पहिला कारखाना तोच."

लिंडनरबाईंनी खिशातला हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. "छावणीत एका पोलिश बाईने तिची भाकरी अर्धी करून मला दिली, कॉलेगे. तिला माझी भाषा येत नव्हती. मी कामगार, ती कामगार, एवढंच आम्हाला कळत होतं. माझ्यासाठी ही नुसती थिअरी नाही."

"माझ्यासाठीही नाही," क्लेमेंट म्हणाला.

त्या दिवसापासून वर्गात दोघांची खडाजंगी रोजची झाली. यशवंत मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला पोचवायचा आणि वसतिगृहावर जाताना ट्राममध्ये दोघांच्याही बाजूने स्वतःशीच भांडायचा. पण फ्राउ लिंडनरांना त्या भांडणाचा राग नव्हता. प्रकरण हाताबाहेर गेलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी यशवंत आणि क्लेमेंट शहरातल्या एका नाचघराच्या कॅफेत गेले. वाद्यवृंद वाजत होता, बायकापुरुष केक खात होते. दोघं टेबलाशी बसले, तसा शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून वेटरकडे गेला. पन्नाशीचा, अंगावर बरा सूट, कोटाच्या कॉलरला कामगार संघटनेची छोटी पिन. दारू प्यायलेला नव्हता. त्याच्यासमोर कॉफीचा कप होता. वेटर ओशाळून यशवंतजवळ आला.

"आपण बसू शकता," तो हळू म्हणाला, "पण आपल्याबरोबरचे गृहस्थ... बाकीच्या पाहुण्यांना अडचण होतेय."

यशवंतवर हे इंग्रजीत सांगायची वेळच आली नाही. क्लेमेंटने वेटरचा चेहरा वाचला, टोपी उचलली आणि चालू पडला. यशवंत त्याच्या मागोमाग बाहेर आला. वाऱ्यात दोघं ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत गेले. यशवंतच्या कानात लहानपणी शाळेत ओंजळीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता, पण तो बोलला ते ट्रामच्या वेळेबद्दल.

शाळेने चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की हा भूतकाळाचा अवशेष आहे, तुरळक आहे. 'युबररेस्टे', म्हणजे अवशेष, हा शब्द त्यानंतर वर्गात इतक्या वेळा आला की क्लेमेंटलाही पाठ झाला. आणि समारोपाच्या भाषणात नाचघराची गोष्ट सांगायचीच, असं त्याने ठरवलं.

समारोपाच्या आदल्या दुपारी श्यामकांत विद्यार्थ्यांच्या खानावळीत मुद्दाम यशवंतसमोर येऊन बसला. बटाटे आणि कोबी ताटात थंड होत होते.

"डिरेक्टर मला भेटला," श्यामकांत म्हणाला. "तू त्याला काही उत्तर दिलं नाहीस म्हणे."

"काय देणार?"

"अरे, अगदी सोपं आहे. तू 'अवशेष' म्हण आणि पुढे जा. कळणाऱ्याला कळतं."

"तो तसं म्हणणार नाही, गद्रे. तो म्हणणार की मला हाकलणारा माणूस कामगार होता, युनियनचा होता."

"तो भावनेच्या भरात बोलतोय. वर्ण आणि वर्ग यांची गल्लत करतोय. आणि उद्या पश्चिमेकडचे पेपर छापतील, समाजवादी देशात काळ्याला नाचघरातून हाकललं. तिकडे पश्चिम जर्मनीत जुने नाझी कोर्टाच्या खुर्च्यांवर बसलेत, त्यांना आयतं कोलीत! फायदा कुणाचा होतो, याचा विचार केलास?"

यशवंतने तो विचार रात्रंदिवस केला होता. श्यामकांतचं म्हणणं पोकळ नव्हतं, आणि तेच त्याला जास्त छळत होतं.

"पण हाकललं हे खरं आहे ना? मी तिथे होतो."

"हे बघ यशवंत," श्यामकांत वैतागून म्हणाला, "तुम्ही लोक ना, लगेच सगळं अंगाला लावून घेता."

यशवंतचा काटा ताटातच थांबला. "कोण लोक?"

"म्हणजे... कामगारांतून वर आलेले."

"कोण लोक, श्यामकांत?" तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून एकेरी नाव आलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

श्यामकांतचा चेहरा लाल झाला. त्याने आजूबाजूला पाहिलं, जणू त्या खानावळीत कुणाला मराठी कळणार होतं. "पहिल्या दिवसापासून. आडनाव, मनमाड... कळतंच की. पण मला काय फरक पडतो? मी कधी काही मानलं का? तुझ्या ताटातलं खाल्लंय मी."

"फरक पडत नव्हता, तर तीन वर्षांत एकदा सहज बोलला का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"म्हणजे त्यात वाईट वाटण्यासारखं काहीतरी आहे, हे तुझ्या मनात होतं."

यशवंत ताट उचलून निघाला. घाईत बटाट्यांवरचा रस्सा कोटावर सांडला. राग श्यामकांतचा होता की स्वतःचा, हे त्याला कळेना. लपवलं तर त्यानेही होतं.

समारंभ एका कारखान्याच्या सांस्कृतिक सभागृहात होता. कोळसा वाचवायचा म्हणून हीटर बंद. पहिल्या रांगेतले पाहुणे ओव्हरकोटात, आणि स्टेजवर बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ. भाषणं झाली, गाणं झालं. मग क्लेमेंट उठला. यशवंत त्याच्या डाव्या बाजूला दुसऱ्या माइकपाशी उभा राहिला. पहिल्याच रांगेत डिरेक्टर, त्याच्या शेजारी फ्राउ लिंडनर, आणि बर्लिनचा एक टक्कल पडलेला गृहस्थ. श्यामकांत मागच्या दाराजवळ उभा होता.

क्लेमेंट दोन-तीन वाक्यं बोलायचा, थांबायचा. यशवंत सुरू करायचा: "कॉलेगे जोसेफ म्हणतात..." सुरुवात आभाराची होती. मग विहिरींवरचा संप आला, पोलिसांचा गोळीबार आला. टाळ्या पडल्या. मग उसाचा चरक आणि साखळ्या. टाळ्या जरा विरळ झाल्या, पण पडल्या.

"या शहरात," क्लेमेंट म्हणाला, "एका रविवारी दुपारी मला कॅफेतून बाहेर काढलं. ज्याने काढायला लावलं तो मालक नव्हता. तो कामगार होता, त्याच्या कोटावर आपल्या संघटनेची पिन होती."

तो थांबला. यशवंतने तोंड उघडलं. डिरेक्टर त्याच्याकडे बघत नव्हता. आपल्या हातमोज्यांकडे बघत होता.

"कॉलेगे जोसेफ म्हणतात," यशवंत म्हणाला, "की त्यांना या शहरातही भूतकाळाचे काही अवशेष पाहायला मिळाले."

पहिल्या रांगेतल्या माना समजूतदारपणे हलल्या. डिरेक्टरचे खांदे सैल झाले. क्लेमेंट मात्र पुढे बोलेना. सभागृहात कुणीतरी खोकलं. क्लेमेंट सावकाश वळला आणि यशवंतकडे पाहत, माइकपासून तोंड दूर नेऊन इंग्रजीत म्हणाला, "युबररेस्टे. हा शब्द मला येतो. तो माझा नाही."

यशवंतने डिरेक्टरवरची नजर काढून क्लेमेंटकडे वळवली.

"मी पुन्हा सांगतो," क्लेमेंट म्हणाला. आवाजात राग नव्हता. एखादा जड पाइप दोघांनी मिळून उचलायचा असतो तेव्हा समोरच्याला तयार आहेस का विचारावं, तसा तो आवाज होता. आणि मघाचं वाक्य त्याने जसंच्या तसं पुन्हा म्हटलं.

यशवंतने माइक दोन्ही हातांनी धरला. पहिल्या दिवशीच त्याला शिकवलं होतं की दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, बोलणाऱ्याचा 'मी' जसाच्या तसा उच्चारायचा. इतके महिने भिडेपोटी त्याने ते पाळलं नव्हतं.

"या शहरात," तो जर्मनमध्ये म्हणाला, "एका रविवारी दुपारी मला कॅफेतून बाहेर काढलं. ज्याने काढायला लावलं तो मालक नव्हता. तो कामगार होता. त्याच्या कोटावर आपल्या संघटनेची पिन होती."

सभागृह चिडीचूप झालं. क्लेमेंट पुढे बोलू लागला आणि यशवंत त्याच्या मागोमाग, आता अडखळत नव्हता. "मालकाशी आपण एकत्र लढू. पण या माणसाशी मला वेगळं लढावं लागेल, आणि त्या लढाईत तुम्ही माझ्या बाजूने उभे आहात का, हे मला आज विचारायचंय. उद्या क्रांती झाल्यावर नाही. मी मार्क्सवादी आहे, म्हणूनच विचारतोय. या प्रश्नाला तुमच्या शास्त्रात जागा नसेल तर शास्त्र अपुरं आहे, मी नाही."

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. मागून घानाच्या दोन मुलांनी बाकं वाजवली, आणि मग कुठून कुठून थोडे हात वाजले. बर्लिनच्या गृहस्थाने डिरेक्टरच्या कानात काहीतरी विचारलं. यशवंत क्लेमेंटच्या मागोमाग स्टेजच्या पायऱ्या उतरला.

सोमवारी त्याला बोलावणं आलं. डिरेक्टर, बर्लिनचा गृहस्थ आणि फ्राउ लिंडनर एका बाजूला, यशवंत दुसऱ्या बाजूला. या वेळी कॉफी नव्हती.

"दुभाष्याने भाषणात स्वतःची भर घातली," बर्लिनचा गृहस्थ म्हणाला. "आधी एक सांगितलं, मग दुसरं. परकीय नागरिकाने सभेत चिथावणी दिली, असा याचा अर्थ होतो."

चिथावणी हा शब्द साधा नव्हता. त्या शब्दावर माणसाला दुसऱ्या दिवशी विमानात बसवत. यशवंतला मनमाडचं स्टेशन दिसलं, आणि हात हलवत परत आलेल्या मुलाकडे बघणारे वडील.

"पहिलं भाषांतर चुकीचं होतं," फ्राउ लिंडनर म्हणाल्या. "दुसरं बरोबर होतं. शाळेत थोडं इंग्रजी मीही शिकले आहे."

"प्रश्न तो नाही, कॉलेगिन."

"माझ्यासाठी तोच आहे. जोसेफ जे म्हणाले ते मला मान्य नाही. ते चुकतायत, आणि का चुकतायत हे मी त्यांच्या तोंडावर चार महिने सांगत आलेय. पण दुभाष्याने भर घातली असं मी म्हणणार नाही, आणि माझ्यादेखत दुसऱ्या कुणाला म्हणू देणार नाही. पत्रकांसाठी पकडलं तेव्हा मी न बोललेली वाक्यं माझ्या नावावर लिहून मला तुरुंगात टाकलं होतं." खिशातला हात टेबलावर आला. त्या बोटांकडे पाहून बर्लिनच्या गृहस्थाने नजर वळवली.

यशवंतला परत पाठवलं नाही. दुभाष्याचं काम मात्र त्याच दिवशी गेलं, आणि उन्हाळ्यात स्टायपेंडची मुदत वाढली नाही.

क्लेमेंट त्याच आठवड्यात बर्लिनच्या गाडीने निघाला. गाडी हिमामुळे अडकली होती. त्या अवाढव्य स्टेशनवर दोघं बाकावर बसले, आणि यशवंतने आपण होऊन बोलायला सुरुवात केली. मनमाडची वस्ती, शाळेतलं पाणी, वडिलांनी नदीत सोडलेले देव. इंग्रजीत सांगताना अनेक शब्दच सापडेनात. ते त्याने मराठीतच सांगितले.

"माझं आणि तुझं एक नाही," शेवटी क्लेमेंट म्हणाला. "माझा रंग दुरून दिसतो. तू तीन वर्षं लपू शकलास."

"लपणं सोपं नसतं."

"तसं मी म्हटलं नाही."

यशवंतने विचारलं, "इतकं सगळं दिसतंय तुला, तरी तू मार्क्सवाद का धरून बसलायस? माझ्या वडिलांनी तर दोन्ही घरं नाकारली, देवाचंही आणि तुमच्या मार्क्सचंही."

"आमच्या संपात माणसं मेली, तेव्हा तेलाचा पैसा कुठून निघतो आणि कुठे जातो हे मला दुसऱ्या कुणी समजावलं नव्हतं. ते हत्यार मी टाकणार नाही. पण ज्याने ते घडवलं त्याने माझ्या हाताचं माप घेतलं नव्हतं. मूठ मलाच बसवावी लागणार." तो यशवंतकडे वळला. "तुझा बाप चुकला असं तुला वाटतं?"

"नाही."

"मग तुझ्यापुढे माझ्यापेक्षा अवघड काम आहे. बापाचं म्हणणंही धरायचं आणि हे हत्यारही." गाडीची घोषणा झाली. क्लेमेंटने त्याला कवेत घेतलं आणि पेटी उचलली. पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

यशवंतने एका छापखान्यात मशीनवर कामगार म्हणून नोकरी धरली आणि डिप्लोम वर्षभर उशिरा पूर्ण केला. श्यामकांतशी बोलणं बंदच होतं. मग पुढच्या वसंतात एका दुपारी पाळी सुटताना तो छापखान्याच्या दाराशी उभा दिसला. दोघं नदीकाठाने चालत राहिले. त्याने माफी मागितली नाही, उलट वादच उकरून काढला. आर्थिक पाया, वरचं बांधकाम, सगळं पुन्हा. यशवंतनेही जोरात उत्तरं दिली, आणि या वेळी मनमाडचे दाखले देऊन दिली. तासाभराने दोघंही दमले. तेव्हा श्यामकांतने खाली बघत विचारलं, "घरी कोण कोण असतं रे तुझ्या?" यशवंतने सांगितलं. मैत्री पहिल्यासारखी झाली नाही, पण भांडण मात्र पुढे अनेक वर्षं चालू राहिलं, आणि त्यात दोघांपैकी कुणी पुन्हा काही झाकलं नाही.

सहासष्ट साली यशवंत गावी गेला, नाशिकच्या सरलाशी लग्न करून तिला घेऊन आला आणि पश्चिम जर्मनीत स्टुटगार्टला एका छपाईयंत्रांच्या कारखान्यात लागला. तिथे एकोणसत्तरच्या शरद ऋतूत विद्यापीठातली काही मुलं त्याच्या दाराशी आली. जवळच्या बॉबलिंगेनच्या अमेरिकन छावणीतला एक काळा सैनिक सभेत बोलणार होता, दुभाषा हवा होता. मुलं जाताना म्हणाली की मुख्य मुद्दा युद्ध आणि भांडवलशाही हा आहे, काळ्यांच्या वेगळ्या गाऱ्हाण्यांवर भाषण भरकटू नये एवढं बघा.

"जाऊ नका," दार लागल्यावर सरला म्हणाली. "परक्यांनी राजकारण केलं की राहण्याचं परमिट काढून घेतात, कायदाच आहे. अहो, मला आता पाचवा महिना लागलाय."

"जाऊ नको म्हणतेस?"

शनिवारी तो कोट घालायला लागला तेव्हा तीही तयार होऊन उभी होती. सभागृहात ती मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली. भिंतीला टेकून दोन साध्या कपड्यांतली माणसं उभी होती आणि बोलणाऱ्यापेक्षा दुभाष्याकडेच जास्त बघत होती. यशवंतने सैनिकाचं भाषण भरकटलं तिथे भरकटू दिलं आणि एकूण एक वाक्य जर्मनमध्ये सांगितलं. पुढल्या आठवड्यात परमिटच्या ऑफिसात त्याला बोलावणं आलं. परमिट काढून घेतलं नाही, पण दोन वर्षांचं होतं ते तीन महिन्यांचं केलं. मुलगी जन्मली तेव्हाही दर तीन महिन्यांनी त्याला तिथल्या बाकावर नंबर घेऊन बसावं लागत होतं.